पोटावरचा हात

"पोट छान दिसतंय," मॅडम फोनमधून म्हणाल्या, तेव्हा कामिनीच्या फोनचा कॅमेरा छताकडे होता. ती पलंगावर आडवी झाली होती, गाऊन छातीपर्यंत वर घेतला होता आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे फोन पोटावर धरला होता. पण कॅमेरा उलटा फिरवायचं राहून गेलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात पंखा फिरत होता आणि त्याच्यामागे स्लॅबला पडलेला ओलीचा डाग दिसत होता. ती सांगणार होती. मॅडम, थांबा, कॅमेरा... एवढं तोंडाशी आलंही होतं. पण तेवढ्यात मॅडम "सूज नाही ना? गोळ्या चालू ठेवा, काही वाटलं तर फोन करा," असं म्हणत दुसरीकडे बघू लागल्या, बहुधा दुसऱ्या वाजणाऱ्या फोनकडे, आणि मग त्यांचा चेहरा होता तिथे नुसतं काळं उरलं. कामिनीने फोन उशीशी ठेवला. पोट उघडंच होतं. पंख्याचा वारा त्याच्यावर येत होता आणि बेंबीभोवतीची कातडी थंड पडत चालली होती. तिला राग आला नाही. आधी नुसतं नवल वाटलं, की एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई पंख्याला छान म्हणाल्या. आणि मग हळूहळू, पायाकडून वर चढत यावी तशी, भीती आली.

होळीनंतर या पोटाला कुणाचा तपासणारा हात लागला नव्हता. मार्चात मॅडमनी शेवटचं तपासलं होतं. त्यांच्या बोटांची एक पद्धत होती. आधी तळवे एकमेकांवर चोळून गरम करायच्या, मग पोटाच्या दोन्ही बाजूंना असे टेकवायच्या की कणकेचा गोळा परातीत सरकवताहेत असं वाटावं. "हे डोकं," म्हणायच्या. "आणि ही पाठ. तुमच्याकडे पाठ करून बसलंय, रागीट दिसतंय." कामिनी हसायची आणि त्या हसण्याने पोट हलायचं, की मॅडम तिला गप्प करायच्या. मग टाळेबंदी आली. जळगावातले दवाखाने एकामागून एक अर्धे उघडे, अर्धे बंद झाले. मॅडमनी फोनवर तपासणी सुरू केली. त्यांनी साठी ओलांडली होती, त्यांना मधुमेह होता, आणि परदेशातल्या मुलाने त्यांच्याकडून शपथ घेतली होती म्हणे की पेशंटला हात लावायचा नाही. रिसेप्शनवरच्या बाईने हे कामिनीला हळू आवाजात सांगितलं होतं. तेव्हा कामिनीला ते पटलंही होतं. ती स्वतः तरी काय करत होती? तिसरीच्या वर्गाला ती फोनवरून शिकवायची. मुलं वहीची पानं फोटो काढून पाठवायची, वाकडीतिकडी, अंधारी, कधी अंगठ्याने अर्धी झाकलेली, आणि ती प्रत्येकाखाली 'छान' लिहायची. उघडून न बघताच. एकदा एका पोराने चुकून घरातल्या मांजराचा फोटो पाठवला होता, त्याच्याखालीसुद्धा तिने छान लिहिलं होतं. हे आठवलं आणि तिने गाऊन खाली ओढला.

तिला मॅडमना जे सांगायचं होतं ते सांगायचं राहूनच गेलं. काल दुपारपासून बाळाचं हलणं कमी झालं होतं. थांबलं नव्हतं. पण आधी ते लाथ मारायचं, कड बदलताना सबंध पोट एका बाजूला तिरपं व्हायचं. आता नुसतं आत कुणीतरी कूस पालटल्यासारखं, तेही मधूनच. ती साखरेचं पाणी प्यायली. डाव्या कुशीवर पडून वाट पाहिली. हाताने पोट थोपटलं. एकदा वाटलं हललं, मग वाटलं की ती आपलीच नाडी असावी. बाहेर गल्लीत शुकशुकाट होता. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून नगरपालिकेने फलक लावला होता, कारण कोपऱ्यावरच्या घरात दोघं बाधित निघाले होते, आणि तिथे खुर्ची टाकून एक होमगार्ड बसलेला असायचा. दुपारच्या उन्हात तो होमगार्डही कुठेतरी सावलीला गेलेला असावा. इतकी शांतता तिला सोसेना. कारण ही शांतता तिला माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात ती अशीच मॅडमकडे गेली होती, नेहमीची तपासणी म्हणून, डब्यात पोळीभाजी घेऊन, तिथून परस्पर शाळेत जायचं म्हणून. मॅडमनी पोटावर यंत्र ठेवलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. तोंडाने त्या काहीतरी बोलत होत्या, शाळा कशी आहे, उन्हाळा किती आहे. पण त्यांचा डावा हात कामिनीच्या गुडघ्यावर होता आणि बोलता बोलता तो हात घट्ट झाला. कामिनीला आधी त्या हाताने सांगितलं. शब्द खूप नंतर आले. मग जे झालं त्यातलं तिला फारसं आठवत नाही, कळा आठवतात, आणि एक हिरवं कापड, आणि कुणीतरी म्हणालेलं, "नका दाखवू तिला." ते कापड दाराबाहेर गेलं. योगराज बाहेर होता, त्याने पाहिलं असावं. ती त्याला कधी विचारू शकली नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी तिच्या अंगावर माणसाचा हात होता. वाईट बातमीसुद्धा हातातून आली होती. आता बातमी बरी असो की वाईट, ती आणायला हातच उरला नव्हता.

योगराज संध्याकाळी घरी आला. तो वरणगावच्या फॅक्टरीत होता. महिनाभर बंद राहून फॅक्टरी सुरू झाली होती आणि होमगार्ड ओळखपत्र पाहून त्याला जाऊ-येऊ द्यायचा. आल्यावर तो जिन्याखालीच बूट काढायचा, मागच्या मोरीत कपड्यांसकट बादलीभर पाणी अंगावर घ्यायचा, मग कपडे साबणाच्या पाण्यात टाकून टॉवेल गुंडाळून बाहेरच्या खोलीत जायचा आणि तिथेच झोपायचा. जेवणाचं ताट ती उंबऱ्यावर ठेवायची. सगळ्याला सुरुवात जितेंद्र गेल्यावर झाली. जितेंद्र त्याच्याच सेक्शनला, त्याच्याच वयाचा, लग्नात योगराजच्या घोड्यापुढे नाचलेला. मे महिन्यात ताप आला आणि आठवड्याच्या आत गेला. योगराजला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून तो कामिनीपासून चार हात लांब राहायचा. पहिल्यांदा तिला ते प्रेम वाटलं होतं. मग सवय झाली. आणि मग कधीतरी, भांडी घासता घासता, तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी हात लावून किती दिवस झाले ते आपण विसरलो आहोत, आणि पोटाला लागावी तशी अंगाला त्याची भूक लागली आहे.

"बाळ कमी हलतंय," ती उंबऱ्यावरून म्हणाली.

योगराजने ताट खाली ठेवलं. "मॅडम काय म्हणाल्या?"

"छान म्हणाल्या."

"मग?"

"त्यांनी पंखा पाहिला. माझं पोट नाही पाहिलं." तिने सांगितलं. सांगताना तिला वाटलं तो हसेल, पण तो हसला नाही. त्याने लगेच मॅडमना फोन लावला. तो लागत नव्हता. मग त्याने दुसऱ्या दवाखान्यात लावला, तिसऱ्या. पलीकडच्या बायका आधी पत्ता विचारायच्या. गल्लीचं नाव सांगितलं की थांबायच्या. तुमचा एरिया सील आहे ना, मग आधी स्वॅबचा रिपोर्ट आणा, दोनतीन दिवस लागतील, त्याशिवाय आत घेता येणार नाही, आमचेही हात बांधलेत. कुणी चिडून बोललं नाही. सगळ्यांनी नीट, दमलेल्या आवाजात सांगितलं. योगराज प्रत्येकीला "बरं ताई" म्हणत राहिला आणि दर वेळी त्याचा आवाज एक पायरी खाली उतरत गेला.

"सकाळपर्यंत थांबू," तो शेवटी म्हणाला. "दवाखान्यातच तर सगळं भरलंय कामिनी. तिथून घेऊन आलीस म्हणजे?"

धुळ्याहून आईचा फोन आला तो त्याच वेळी. मंदाबाई तिथल्या देवपुरात एकट्या राहत होत्या. लेकीशी त्या कायम अहिराणीतच बोलायच्या आणि कामिनी त्यांना शहरातल्या मराठीत उत्तर द्यायची, लहानपणापासून हे असंच.

"पोर हालस ना?" मंदाबाईंनी पहिलाच प्रश्न केला.

"कमी हलतंय, आई."

"मंग तू आठे निघी ये. बठ्ठा दवाखाना बंद पडनात, पन त्या पुनम डॉक्टरना चालू शे. ती हात लाईसन देखस. अंगणमा मांडव टाकेल शे."

"हात लावून तपासते? पण धुळ्याला यायला पास लागतो, आई. जिल्हा बदलतो."

"पोट देखीसन सोडतीन," मंदाबाई म्हणाल्या. "जवाईबापूले फोन दे."

कामिनीने फोन उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकली. योगराजने तो रुमालाने उचलला. आई त्याला काय म्हणाली ते तिला ऐकू आलं नाही. तो नुसता "हो आक्का, हो" म्हणत होता. बोलणं झाल्यावर त्याने फोन पुसून उंबऱ्यावर परत ठेवला. मग म्हणाला, "फॅक्टरीतल्या गिरधरकडे गाडी मागतो. उजाडताच निघू."

सकाळी होमगार्डने काही अडवलं नाही. तिला वाकता येत नव्हतं म्हणून योगराजने बांबू दोन्ही हातांनी वर उचलून धरला आणि ती त्याच्या काखेखालून, त्याला न लागता, पलीकडे गेली. एवढ्या जवळून जाताना तिला त्याच्या शर्टाचा वास आला, डेटॉलचा आणि त्याखाली त्याचा स्वतःचा. गिरधरची गाडी पुढच्या चौकात उभी होती; किल्ली आतच ठेवून तो लांब उभा राहिला होता आणि त्याने तिथूनच हात केला. ती मागे बसली. काचा उघड्या ठेवायच्या, एसी लावायचा नाही, असं योगराजने सांगितलं. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. रस्त्याचं रुंदीकरण अर्धवट पडलं होतं आणि मातीच्या वळणांवर गाडी हिंदकळली की ती दोन्ही हातांनी पोट खालून धरायची. बाजूची शेतं नांगरून पडली होती, कपाशीसाठी सऱ्या ओढलेल्या, कुठे कुठे लवकर लावलेल्या कपाशीची दोन पानं वर आलेली. एरवी या रस्त्याने ती एसटीने माहेरी जायची तेव्हा खिडकीला डोकं टेकून झोपायची. आता तिला वाटत होतं की आपण झोपलो तर आत जे जागं आहे तेही झोपेल. ती मनात त्याच्याशी बोलत होती. बोलणं म्हणजे शब्द नव्हते; जसं अंधाऱ्या जिन्यात दुसऱ्याची चाहूल घेत पायरीवर थांबावं, तसं थांबणं होतं. मधूनच आतून एक हलका धक्का आला. तिने श्वास रोखला. परत आला नाही. आरशात योगराजचे डोळे दिसत होते, मास्कच्या वर, आणि ते सारखे रस्त्यावरून तिच्याकडे येऊन परत जात होते.

"घोड्यापुढे नाचताना जितूचा बूट निघाला होता," तो अचानक म्हणाला. "आठवतं?"

"हो."

"तो तसाच नाचला. एका बुटावर." मग पारोळा गेलं.

जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसांनी गाडी थांबवली. हवालदार लांबूनच वाकून बघत होता. योगराज पासाचं काहीतरी सांगू लागला, अर्ज केलाय, मंजूर व्हायचाय. हवालदाराने कामिनीकडे पाहिलं. "कितवा, ताई?" "आठवा." "मग दवाखाना जळगावला नाही का?" या प्रश्नाला खरं उत्तर काय द्यावं हे तिला कळेना. आहे, पण तिथे हात लावत नाहीत, हे त्या उन्हात, रस्त्यावर, अनोळखी माणसाला सांगायचं कसं? "आई इथली आहे," ती म्हणाली. त्याने काठीने अडसर बाजूला केला.

डॉक्टर पुनमचा दवाखाना जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत होता. अंगणात लग्नाचा असतो तसा मांडव घातलेला आणि लांब लांब खुर्च्या टाकलेल्या. मंदाबाई दाराबाहेरच्या ओट्यावर थांबल्या होत्या. त्यांना आत सोडत नव्हते. त्यांनी फक्त पदर तोंडावर धरून लेकीकडे पाहिलं आणि पाहत राहिल्या. कामिनीच्या शेजारच्या खुर्चीवर निळ्या साडीतली एक कोवळी मुलगी होती, तिचं पोट कामिनीपेक्षा मोठं दिसत होतं, आणि खाली फरशीवर तिची सासू बसली होती. शिरपूरकडच्या कुठल्याशा गावाहून दुधाच्या गाडीत बसून त्या आल्या होत्या. "पहिलं शे का?" सासूने कामिनीला विचारलं. कामिनी म्हणाली, "दुसरं." तिने हे पहिल्यांदाच कुणाला असं सांगितलं होतं. आजवर ती पहिलंच म्हणायची. मुलीला ऊन लागत होतं म्हणून कामिनीने आपली खुर्ची मागे सरकवली आणि त्या मुलीने आपली खुर्ची सावलीत, हिच्या अगदी जवळ आणली. तिचा मास्क हनुवटीखाली होता. "मना पाय देखा ना, कसा सुजी ग्यात," असं म्हणून तिने साडी वर केली, आणि कामिनीने, काही विचार न करता, वाकून तिच्या घोट्यावर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला आणि सावकाश भरून आला. "आत गेल्यावर हे आधी सांग," ती म्हणाली. तेवढ्यात आतून कामिनीचं नाव पुकारलं. हलणं कमी झालेल्यांना आधी घेत होते.

डॉक्टर पुनम पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात होती. चेहऱ्यावर ढाल, तिच्या आत वाफ धरलेली. आवाज लांबून, डब्यातून आल्यासारखा येत होता. वय कळत नव्हतं. पुढे बोलण्यावरून वाटलं की आपल्यापेक्षा लहानच असेल. "झोपा," ती म्हणाली आणि मोजे घातलेले दोन्ही हात तिने कामिनीच्या पोटावर ठेवले. रबराचे, घामट, गार हात. ते वरून खाली आले, बाजूंना दाबले, थांबले, पुन्हा वर गेले. कामिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला रडू आलेलं नव्हतं. नुसतं पाणी कानांत उतरत होतं, आणि तिला स्वतःलाच लाज वाटत होती की अजून काही कळलेलं नाही आणि आपण रडतो आहोत. "दुखतंय?" "नाही. ठेवा." ती जवळजवळ ओरडलीच, "हात ठेवा, काढू नका." डॉक्टरने एक हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने यंत्र टेकवलं. खरखर झाली. कामिनीने डोळे मिटले आणि सगळं लक्ष त्या ठेवलेल्या हाताकडे लावलं. तो घट्ट होतो का? तो घट्ट झाला नाही. खरखरीतून, नदीच्या पलीकडे कुणी धुणं आपटावं तसा, आवाज आला.

"ठोके आहेत," डॉक्टर पुनम म्हणाली. "ऐकताय ना? आहेत."

मग तिने पोटावर फीत धरली, सोनोग्राफी केली, आणि तिचा डब्यातला आवाज सावकाश झाला. पाणी कमी झालंय. बाळ वाढायचं थांबलंय, काही आठवड्यांपासून. असं पोट फोनवर नाही कळत. "आधी कुणी हात लावला असता तर?" कामिनीने विचारलं. डॉक्टरने ढालीतून तिच्याकडे पाहिलं. "कदाचित कळलं असतं. कदाचित नाही. मी त्यांच्या जागी नव्हते." बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, घरी जायचं नाही म्हणाली, आणि ऑपरेशन लागलं तर म्हणून घशातला नमुना घेऊन पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ठोके मधूनच खाली जाऊ लागले आणि मग कुणी कशाची वाट पाहिली नाही. टेबलावर कामिनीला हिरवी कापडं दिसली आणि तिने मान फिरवली. डॉक्टर पुनमने ओळखलं की काय कोण जाणे, ती म्हणाली, "मी तुम्हाला दाखवीन. काहीही असलं तरी दाखवीन." आणि तिने दाखवली. हातभरही नसलेली, जांभळट, सुरकुतलेली मुलगी, म्हाताऱ्या माणसासारखी कपाळाला आठ्या घालून रडत होती. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. मग तिला काचेच्या पेटीकडे नेलं. कामिनीला वाटलं, संपलं. आता मी उठेन आणि तिला हात लावेन.

संध्याकाळी रिपोर्ट आला. कामिनी बाधित होती.

तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. पहिल्यांदा तिला वाटलं कुणा दुसऱ्याचा कागद आलाय. योगराजची तपासणी झाली, मंदाबाईंची झाली. दोघांना काही नव्हतं. म्हणजे रोज मोरीत अंघोळ करणारा, उंबऱ्यापलीकडे झोपणारा योगराज स्वच्छ होता, आणि ज्या घरातून ती महिनोन्‌महिने बाहेर पडली नव्हती त्या घरात, दुधाच्या पिशवीतून, भाजीच्या पाटीतून, वाऱ्यातून, कशातून तरी ते तिच्याकडेच आलं होतं. तिला आणि मुलीला सरकारी दवाखान्यात हलवलं. मुलगी खालच्या मजल्यावर, नवजात बाळांच्या विभागात; ती वर, वेगळ्या वॉर्डात, खिडकीजवळ. मुलीचा नमुना चांगला आला. दर काही तासांनी ती हाताने वाटीत दूध काढून द्यायची आणि पोशाखातली एक सिस्टर ती वाटी खाली न्यायची. टाके ओढायचे. खिडकीतून आवारातलं एक झाड आणि त्याखाली उभी राहिलेली गिरधरची गाडी दिसायची. योगराज दिवसा तिथेच असायचा. तो फोन करायचा आणि वर बघत बोलायचा, आणि दोघांमध्ये एवढं अंतर असूनही तो कसा सारखा मास्क नाकावर ओढून घेतो हे तिला दिसायचं.

त्या दिवसांत ती एकाच गोष्टीचा विचार करत राहिली. ते मांडवातलं अंगण. तिने सरकवलेली खुर्ची. तो सुजलेला घोटा आणि त्याच्यावर दाबलेलं आपलं बोट. ते बोट ती वर करून खिडकीच्या उजेडात बघायची. जरा वाकडं, खडूने कातडी कोरडी झालेलं. डॉक्टर पुनमचा दवाखाना बंद करावा लागला होता. ती स्वतः घरात वेगळी राहत होती. एक दिवस तिचा फोन आला, आता ढाल नव्हती, आवाज अगदी मुलीचा होता. मला अजून काही नाही, ती म्हणाली, बाळ कसंय, वजन चढतंय ना.

"डॉक्टर, त्या दिवशी निळ्या साडीतली एक मुलगी होती. शिरपूरकडची. पाय सुजले होते तिचे."

"मयुरी," डॉक्टर लगेच म्हणाली. "तुमच्यानंतर तपासलं मी तिला. प्रेशर वाढलेलं होतं. गोळ्या देऊन दोन दिवसांनी परत बोलावलं होतं."

"मग?"

"दवाखाना बंद झाला ना. आलेल्या सगळ्यांना फोन केले आम्ही. तिचा नंबर लागत नाही. तिकडच्या आशाताईंना निरोप दिलाय. मी पुन्हा लावीन."

फोन ठेवल्यावर कामिनी पलंगाच्या कडेला बसून राहिली. तिच्यासाठी बंद दरवाजे उघडावेत म्हणून ती किती चिडली होती, त्या सगळ्या दमलेल्या आवाजांवर, मॅडमवर, योगराजच्या उंबऱ्यावर. आणि एक दार तिच्यासाठी उघडलं होतं, ते तिनेच आत जाऊन बंद केलं होतं. चूक कुणाची असं तिने शोधून पाहिलं. नमुना आधी घ्यायला हवा होता म्हणावं, तर तोवर पेटीतली मुलगी राहिली नसती. तिने पुष्कळ वेळा हे असं मांडून पाहिलं आणि दर वेळी ते तिथेच येऊन थांबलं: एका बाजूला तिची मुलगी, दुसऱ्या बाजूला ती निळी साडी, आणि मध्ये आपला हात, ज्याने दोन्हीकडे नुसतं चांगलंच करायचं होतं. मयुरीचा नंबर पुढेही लागला नाही. शेवटी आशाताईंकडून एवढंच कळलं की ते घर कुलूप लावून कुठेतरी गेलंय, बहुतेक तिच्या माहेरी, मध्य प्रदेशात. त्यापुढे काही कळलं नाही.

मग एक दिवस सिस्टर येऊन म्हणाली की तुमचे रिपोर्ट चांगले आलेत, चला खाली. योगराजलाही बोलावलं होतं. तो विभागाच्या दाराशी उभा होता, दाढी वाढलेली, हातात चपला. मंदाबाई बाकावरून उठून त्याच्या मागे आल्या. सिस्टरने कामिनीला नळाशी नेलं. कोपरापर्यंत साबण लावा म्हणाली. कामिनीने लावला. धुतला. पुन्हा लावला. बोटांच्या फटी, नखं, मनगटं. पुन्हा. पाणी वाहत राहिलं. सिस्टर म्हणाली, "झालं ताई, पुरे." पण तिचे हात नळाखालून निघेनात. रिपोर्ट चांगला असेल, पण रिपोर्ट आला त्यानंतरच्या तासाचं काय, जिन्याच्या कठड्याचं काय, आताच्या या श्वासाचं काय? तिला वाटलं आपण परत वर जावं, खिडकीशी, काही दिवस अजून, तिला काही होऊ नये म्हणून. आणि हे वाटताक्षणी तिला योगराजचं सगळं कळलं, बादलीतले कपडे, रुमालाने उचललेला फोन, सगळं. आणि जळगावातल्या एका बंद खोलीत फोनसमोर बसलेल्या मॅडमही कळल्या. त्याने त्यांच्यावरची अढी सबंध गेली असं नाही. पण ती आता बाहेर उभं राहून त्यांच्याकडे बघू शकत नव्हती.

"मला भीती वाटते," ती मागे न बघता म्हणाली.

दारातून योगराज म्हणाला, "मलाही." आणि मग, कुणी काही सांगायच्या आत, तो आत आला, नळ बंद केला आणि तिचे ओले हात आपल्या हातात घेतले. तिच्या बोटांवरचं पाणी त्याच्या मनगटावरून खाली गळत राहिलं. सिस्टर "अहो, आता पुन्हा धुवा दोघांनी," असं ओरडली, आणि त्यांनी दोघांनी मिळून पुन्हा धुतले.

मुलगी कापडात गुंडाळलेली आली. कामिनीने तिला घेतली तेव्हा वजन जाणवलंच नाही. ऊब तेवढी जाणवली, आणि ती ऊब कापडातून तिच्या दंडात शिरली. मंदाबाई डोकावल्या, योगराज वाकला, सिस्टरही वाकली. चौघांची तोंडं त्या एवढ्याशा चेहऱ्यावर जमली. मुलीने आठ्या घातल्या, तोंड वाकडं केलं, डोळे घट्ट मिटले, आणि तिला शिंक आली. चांगली, अंगभर हलवणारी शिंक. त्या वर्षात शिंकेचा आवाज आला की माणसं लांब पळायची.

कुणी मागे सरलं नाही. कामिनीच्या गळ्यावर बारीक थेंब उडाले होते. तिने ते पुसले नाहीत.